तुझ्या ओळीपुरती जागा

सुनंदा, तुझी टेप घेऊन मी परत आलो त्याला आज चार दिवस झाले, आणि ती अजून लावलेली नाही.

तू असतीस तर हसली असतीस. "येवडी घाई असते तुमाला, ती कुटं ग्येली आता?" असं म्हणाली असतीस. भात चुलीवर असतानाच पाटावर येऊन बसणारा माणूस मी. तो मी चार दिवस एका कॅसेटपुढे नुसता बसून आहे. कुवेतमधल्या अर्दियाच्या या खोलीत माझ्या खाटेवर जी फळी आहे, तिच्यावर दाढीच्या सामानाशेजारी ती ठेवली आहे. तिच्यावर तुझ्या हातचा कागद चिकटवलेला आहे, 'यांना देने'. चौथीपर्यंतची तुझी शाळा आणि नवऱ्याचं नाव न घेण्याची तुझी रीत, दोन्ही त्यात आलं. कामावरून आलो की मी आधी तो कागद वाचतो, मग हातपाय धुतो.

ही टेप मला आपल्या मंजूनं दिली, तुझ्या बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी. "आईनं तुमच्यासाठी ठेवली होती, बाबा. कुवेतला जाणारं कोणी भेटलंच नाही, म्हणून राहिली." मी तिला विचारलं, "गायली का गं ती?" मंजू म्हणाली, "मला नाही माहीत. मी कॉलेजात असायचे. दुपारी दार लावून बसायची एवढं शेजारच्या काकी सांगतात."

गेल्या उन्हाळ्यात मी रागाच्या भरात हीच टेप तुला पाठवली होती. तीत माझ्या ओळी आहेत आणि मधे तुझ्या ओळीसाठी सोडलेली जागा आहे. ती जागा तू भरलीस की तशीच रिकामी ठेवलीस, एवढंच मला कळायचं आहे. भरली असशील तर मी समजेन की तू माझा राग पोटात घातलास. रिकामी ठेवली असशील तर त्याच्या पुढचं मला अजून सुचलेलं नाही. म्हणून हात फळीपर्यंत जातो आणि परत येतो.

आठवतंय, हे सगळं कसं सुरू झालं? इराकची लढाई संपून वर्ष झालं होतं, इथल्या घरांना दारं-खिडक्या बसवायला सुतार हवे होते, आणि मी आलो. राई भागातल्या वर्कशॉपात दिवसभर रंधा मारायचा आणि खोलीवर येऊन पत्र लिहायला बसायचं. पण मला पत्र जमायचं नाही. 'इकडे सर्व क्षेम' लिहिलं की पेन थांबायचं. तेव्हा इथले सगळेच एकटे राहणारे लोक टेप पाठवायचे. टू-इन-वनसमोर बसून बोलायचं आणि गावी जाणाऱ्याच्या सामानात कॅसेट टाकायची. मीही एक टू-इन-वन तुझ्यासाठी पाठवला आणि पहिली टेप भरली. बोलणं दहा मिनिटांत संपलं. टेप उरली. उरलेल्या टेपेचं काय करायचं म्हणून मी भातलावणीतला एक सवाल गायलो.

दोन महिन्यांनी तीच टेप परत आली. माझ्या सवालाच्या पाठोपाठ 'खट्' असा बटणाचा आवाज आणि मग तुझा जबाब. या खोलीत तेव्हा आठ माणसं होती. आठही जण जेवण सोडून उठले.

तसं बघायला गेलं तर आपली ओळखच सवाल-जबाबातली. तू खालच्या वाडीची, मी वरच्या. सखारामतात्यांच्या भाताच्या कुणग्यात लावणी होती, बाया चिखलात ओणव्या, आम्ही बांधावर तरव्याच्या रोपांच्या मुठी पोचवत होतो. आपल्याकडे रीतच ती, बांधावरून गड्यांनी सवाल टाकायचा आणि कुणग्यातून बायांनी जबाब द्यायचा. ज्याला सुचणार नाही त्यानं सगळ्यांचा चहा आणायचा. मी सवाल टाकला, तू मान वर न करता जबाब दिलास. तुझी ओळ पुरी व्हायच्या आत मी पुढचा सवाल फेकला. तू ताठ उभी राहिलीस, हातातला चिखल झटकलास आणि म्हणालीस, "माजं होऊ तरी दे, मंग बोल!" लग्न व्हायचं होतं म्हणून तेव्हा 'अरे-तुरे' होतं. चहा त्या दिवशी मीच आणला.

एकमेकांपासून इतक्या लांब राहून जोडीनं कसं गायचं, ते आपल्याला कुणी शिकवलं नाही. आपण आपलं शोधून काढलं. मी माझी ओळ गायची, बटण चालूच ठेवायचं आणि लोखंडी पेटीवर बोटानं आठ ठोके द्यायचे. ती तुझी जागा. मग माझी पुढची ओळ. तू घरी टेप लावायचीस, माझी ओळ संपली की थांबवायचीस, लाल बटण दाबून त्या ठोक्यांच्या जागी तुझी ओळ भरायचीस. तुझा आवाज चढला की माझे ठोके पुसले जायचे. ओळ जागेत मावली तर ठीक. लांबली तर माझ्या पुढच्या ओळीचं तोंड पुसलं जायचं.

आणि ते दरवेळी पुसलं जायचं, सुनंदा! दरवेळी! मी इथे जीव तोडून गायलेलं असायचं आणि परत आलेल्या टेपेत माझी ओळ मधूनच उगवायची, पहिला शब्द गायब. तीन महिने वाट बघायची आणि हे असं ऐकायचं. मी पुढच्या टेपेत तुझ्यावर ओरडायचो. "जरा आवर की! आठ ठोक्यांत माणूस गोठ्यातून जाऊन येतो." त्यावर तुझा जबाब यायचा, न चिडता, "आट पुरत नाय वो. बारा द्या." मी कुठला देतोय? आठाचं गाणं आठातच बसतं, बारा दिले तर लय पडते, असं मी तुला ऐकवायचो. मी जणू मोठा गवई!

बारा गाणी व्हायला आपल्याला सहा वर्षं लागली. राईतल्या इस्माईलभायनं त्यांचा आल्बम केला नसता तर ती गाणी माझ्या पेटीतच राहिली असती. त्याचं तिथे रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान, माणूस रत्नागिरीच्या किनाऱ्याचा. मी त्याला आपल्या टेपा ऐकवल्या तेव्हा त्यानं हातातली डाग द्यायची सळई बाजूला ठेवली. पहिलं गाणं संपल्यावर म्हणाला, "दत्ताराम, ही टेप हाय का भाकर? प्रत्येक ओळीचा कोपरा उंदरानं खाल्लाय." मी म्हटलं, "उंदीर नाही, आमची मंडळी." तो हसला, पण दुसऱ्या गाण्याला डोळे पुसत होता. त्यानं सगळी गाणी एका कॅसेटवर उतरवली आणि चाळीसेक प्रती काढून कोकणातल्या पोरांत वाटल्या. मी म्हटलं होतं, ते खट् खट् आवाज काढून टाक. तो म्हणाला, "त्ये काढलं तर ह्यात ऱ्हातंय काय?"

कव्हर त्यानंच तयार केलं. वर 'बांधावरची गाणी' आणि खाली 'दत्ताराम आणि मंडळी'. मला त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही. मी मोठ्या मानानं एक प्रत तुला पाठवली. तुझी पुढची टेप आली तिच्यात गाणं नव्हतंच. नुसतं एवढंच, "मंडळी कोन? हितं तर मी येकटीच हाय. माजं नाव सुनंदा." आणि खट्. मी इस्माईलभायला ते ऐकवलं. तो बिचारा खजील झाला. उरलेल्या कॅसेटींवर आम्ही दोघांनी बॉलपेननं तुझं नाव लिहिलं. गेलेल्या गेल्या.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. तुला ते फार आवडलं असतं. आमच्या साइटच्या बसमध्ये पोरं ती कॅसेट लावायची आणि पाठ झाल्यावर स्वतः गायची. अर्धी बस माझ्या ओळी, अर्धी बस तुझ्या. आणि माझ्या ओळी ती अगदी टेपेतल्यासारख्याच गायची, पहिला शब्द गिळून! मी ओरडायचो, अरे तिथे शब्द आहे एक. एक पोरगा मला म्हणाला, "दादा, तुमाला ठाव नाय, गानं असंच हाय." माझंच गाणं, आणि मलाच ठाऊक नाही. तुझ्या खोडरबरानं जे ठेवलं, तेच गाणं झालं. हे मी तुला फोनवर सांगणार होतो, पण फोनवर मी कधी गमतीचं बोललोच नाही.

फोनवर मी कसा बोलायचो ते आता आठवलं की मला माझीच लाज वाटते. छपराची कौलं बदलली का, मंजूची फी भरली का, भावाचं गड्याशी झालेलं भांडण मिटलं का. माझे प्रश्न मीच विचारायचो आणि निम्मी उत्तरंही मीच देऊन टाकायचो. तू "हां" म्हणायचीस. "मी काय म्हनते..." असं सुरू करायचीस, आणि मी म्हणायचो, "ते राहू दे, आधी हे ऐक." टेपेत तू माझ्या ओळीचं तोंड खायचीस म्हणून मी सहा वर्षं बोंब मारली. फोनवर मी तुझी अख्खी ओळ खायचो, आणि तू एकदाही तक्रार केली नाहीस.

मग खैरान.

वर्कशॉपच्या मालकानं खैरानला समुद्राकाठी सुट्टीचं घर बांधलं होतं, त्याची सगळी दारं-कपाटं माझ्या हातची. काम बघून तो खूश झाला आणि त्यानं स्वतः खटपट करून तुझा महिन्याचा व्हिजा काढला. तू विमानतळाच्या दारातून बाहेर आलीस तेव्हा हातात कपड्यांची एक पिशवी आणि काखेत साडीत गुंडाळलेला टू-इन-वन. मी कपाळावर हात मारला. अगं, इथून मीच पाठवलेलं मशीन तू परत इकडे घेऊन आलीस? म्हणालीस, "त्याची बटनं माला कळतात."

तो महिना आपण त्या घराच्या मागच्या खोलीत राहिलो. राखणदार रजेवर होता. मी दिवसा दारं नीट करायचो, कारण समुद्राच्या हवेनं ती फुगून चौकटीत अडकत होती. तू पायरीवर बसून कोळंबी सोलायचीस आणि माझ्याकडे बघायचीस. एकदा मी एक दार उतरवून त्याची कड तासत होतो. तू विचारलंस, "चांगलं बसलेलं दार कशापायी तासता?" मी मोठ्या तोऱ्यात समजावलं, की लाकूड फुगतं, त्याला थोडी फट सोडावीच लागते, नाहीतर उघडतही नाही आणि लागतही नाही. तू कोळंबीचं टरफल बाजूला टाकलंस. "दाराला कळतं तुमाला," म्हणालीस, "मंग माला आटच का?" मी हसण्यावारी नेलं.

महिन्यात मी तुला काय काय दाखवणार होतो! पण आपण बहुतेक तिथेच राहिलो. संध्याकाळी पाण्यात पाय सोडून बसायचो. सकाळी तू मला न्याहारी वाढायचीस, ताजी, गरम. लग्नाला वीस वर्षं होत आली होती, इथे यायच्या आधीही मी गावाबाहेरच कामाला असायचो, आणि रोज तुझ्या हातचं खाल्लं असे दिवस मोजले तर वर्षभराचेही भरले नसते. तेव्हा मी म्हटलं नाही, आता म्हणतो. त्या महिन्यासाठी मी तुझा ऋणी आहे. चोवीस-पंचवीस सकाळी तरी मी घरचा माणूस होतो.

पण गाणं मात्र बिघडलं. मी ठरवून बसलो होतो की आता समोरासमोर एका दमात सगळी गाणी पुन्हा भरायची. खट् नको, कुरतडलेले शब्द नकोत. इस्माईलभायला पक्का माल द्यायचा. बसलो, लाल बटण दाबलं. माझी ओळ झाली, तू सुरू केलंस आणि तुझं संपायच्या आत मी घुसलो. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग मी घुसायचो नाही म्हणून ओठ दाबून बसलो, तर तू मधेच थांबून माझ्याकडे बघत राहिलीस. दोघं एकदम सुरू व्हायचो, दोघं एकदम गप्प व्हायचो. लांबून सहा वर्षं जमलेलं गाणं हातभर अंतरावरून जमेना. तुझा श्वास पुरत नव्हता. दोन शब्दांत तू छातीवर हात ठेवून थांबत होतीस. मला वाटलं, तू रुसून मुद्दाम करते आहेस. आणि मी बोललो. जे बोललो ते तुला पाठ असेल. "गळा नाय तर गावं कशाला माणसानं? नकोच गाऊस."

तू स्वतः वाकून लाल बटण बंद केलंस.

त्याच संध्याकाळी पाण्याशी बसलो असताना तू म्हणालीस, "माला येक सांगायचं व्हतं." मी म्हटलं, "सांग. पण आधी ते बिजागरीच्या स्क्रूंचं पाकीट कुठं ठेवलंस ते सांग, उद्या सकाळी पाहिजे." तू सांगितलंस, "खिडकीत हाय, डब्याच्या मागं." मी उठून ते बघायला गेलो. पाकीट तिथेच होतं. परत आलो तेव्हा तू वाळूवरून चपला उचलत होतीस. दुसरं काय सांगायचं होतं ते मी विचारलं नाही, आणि तीन दिवसांनी तुझं विमान होतं.

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष एकही गाणं झालं नाही. मी टेप पाठवली तर तू बोलणं भरून पाठवायचीस, गाणं नाही. शेवटी मी फोनवर विचारलं, "आता गायचंच नाही का?" तू म्हणालीस, "गाईन. पन आट नाय पुरत." झालं! माझं डोकं सटकलं. त्या जुलैत उन्हानं जीव नकोसा झाला होता, वर्कशॉपात दोन माणसं भोवळ येऊन पडली होती, आणि घरी बायको आठ-बाराचा हिशेब लावते आहे! खोलीवर आलो, बटण दाबलं आणि आधी तुला सुनावलं, "आठ पुरत नाहीत ना? हे घे चाळीस. गा पोटभर." मग गाणं गायलो. त्या वर्षी सुचलेलं नवंच. माझा सवाल होता:

"पानी भरलंय कुनग्यात गं, बांद कोन राखील?"

मग पेटीवर चाळीस ठोके, एकेक मोजून, दात-ओठ खाऊन. आणि मग माझी पुढची ओळ:

"येतो गं मी भात चाखाया, ताट वाडून ठेव."

जबाब काय देशील तो देशील, तुझ्या शेवटाला माझी ओळ बसेल असा अंदाज होता. ती टेप गेली. पुढे तू फोनवर तिचं नाव काढलं नाहीस, आणि ताठ्यानं मीही विचारलं नाही.

मग भावाचा फोन आला. पासपोर्ट कंपनीकडे, कंपनीच्या कागदपत्रांचा माणूस दुसऱ्या शहरात, तो येईपर्यंत दोन दिवस गेले. मी उंबऱ्यात पाय ठेवला तेव्हा तुझी राखही उचलून झाली होती. मंजूनं माझ्या पायावर पाणी घातलं. रडली नाही ती. तुझ्यासारखीच आहे, आधी पाहुण्याला पाणी.

तिनंच मला सांगितलं, दिवस सरत आल्यावर, मागीलदारी. तुझ्या हृदयाची झडप खराब होती. लहानपणच्या कसल्याशा तापानं झालेली. रत्नागिरीच्या डॉक्टरनं आठ वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, की दम लागेल असं काही करायचं नाही, लावणी बंद, ओझं बंद. "आईनं आम्हाला शपथ घातली होती, बाबा. म्हणायची, ते तिथं एकटे असतात, त्यांना कशाला घोर. मीच सांगेन समोर आले की."

आठ वर्षांपूर्वी. मी तिथल्या तिथे मोजलं. तू 'बारा द्या' म्हणायला लागलीस, त्याला आठच वर्षं झाली होती. त्याच्या आधीच्या एक-दोन टेपांत चुकून एखादाच शब्द पुसला गेला होता, बस. मी मात्र तुला लय शिकवत होतो. एका ओळीत तुला दोनदा श्वास घ्यावा लागत होता आणि मी त्याला तुझा हट्ट समजत होतो. खैरानला तू जे सांगायचं म्हणालीस ते हेच होतं का, हेही मला आता कोण सांगणार?

मला तुझा रागही येतो, सुनंदा. खरं सांगतो. कसली ही माया, की नवऱ्याला घोर नको म्हणून नवऱ्याला अडाणी ठेवायचं? एकदा ओरडायचं होतंस माझ्यावर. टेपेत भरायचं होतंस, तिथे तर मी मधे बोलू शकत नव्हतो! गाण्यात माझी ओळ खुशाल पुसायचीस, मग बोलताना एवढा मुलाजा कशाला? हे भांडण मी तुझ्याशी आता रोज करतो. तू "हां" सुद्धा म्हणत नाहीस.

काल इस्माईलभाय भेटायला आला. आता कॅसेट कुणी ऐकत नाही, तो मोबाइल दुरुस्त करतो. खाटेवर बसला आणि त्याची नजर फळीवर गेली. "तिची हाय?" मी मान हलवली. म्हणाला, "मी ऐकू का आदी? काय असंल ते सांगतो तुला." मी म्हटलं, "नको." तो म्हणाला, "मग लवकर ऐक, दत्ताराम. ठेवून ठेवून पट्टी चिकटते. मग नुसती वाट बगत ऱ्हाशील." उठताना त्यानं टू-इन-वनमध्ये नवे सेल घालून दिले आणि रुमालानं त्याचं तोंड पुसून दिलं.

आज शुक्रवार. खोलीतले सगळे सकाळीच बाजाराला गेले. थंडीचे दिवस आहेत, एसी बंद, बाहेर गोदामाच्या अंगणातही सामसूम. मी आंघोळ केली. हे सगळं तुला आधी सांगून टाकलं, म्हणजे नंतर काहीही ऐकू आलं तरी माझं बोलणं राहून गेलं असं व्हायला नको. आता लावतो.

लावली.

आधी जुलैतला एसी सुरू झाला. खोलीत थंडी आणि टेपेत तो उन्हाळ्याचा घरघराट. मग माझा आवाज, "हे घे चाळीस. गा पोटभर." किती वाईट वाजतो गं माझा आवाज! मग माझा सवाल, बांध कोण राखील. ओळ संपली.

खट्.

एसी थांबला. मागे कोंबडी कलकलत होती, आपल्या मागीलदारची. आणि तू गायलीस.

"बांद राखीन..." श्वास. मोठा, ओढून घेतलेला. "वाट बगीन..." पुन्हा श्वास, आणि मी इथे नकळत माझाही धरून ठेवला. "भात कोन चाखील?"

कुठेही घाई नाही. प्रत्येक शब्द कुणग्यात रोप लावावं तसा, अंतर राखून. ओळ झाल्यावरही तू बटण बंद केलं नाहीस. जरा थांबलीस आणि हसऱ्या आवाजात, दम खात म्हणालीस, "मावली बगा. आनि उरली पन."

खट्.

पुन्हा माझा एसी. आणि माझे ठोके, जे तू पुसले नव्हतेस. टक. टक. रागाचे. मी मोजले. दुसरं काय करणार? बावीस भरले. म्हणजे तुला अठरा लागले होते, सुनंदा. मागायला तू बाराच मागत होतीस, आणि मी आठ देत होतो.

बाविसाव्या ठोक्यानंतर माझी ओळ सुरू झाली, पहिल्या शब्दापासून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडाला धक्का लागला नव्हता. "येतो गं मी," मी गात होतो, "ताट वाडून ठेव."

'येतो' हा तेवढा एक शब्द तू पुसला असतास तर चाललं असतं.